दुसऱ्या गाठीखालचं पाणी

मी खाडीकाठच्या पंपघरातली पितळी बाटली बोलतेय. आजवर मला भरलं, ओतलं, पुसून ठेवलं. माझं ऐकलं मात्र कुणी नाही.

एका तांबटानं मला घडवलं, बुडाला वजन जोडलं. माझ्या दोरीला दोन गाठी. पहिल्या गाठीपर्यंत सोडलं की नदीचं गोडं पाणी, दुसरीपर्यंत सोडलं की समुद्राचं खारं. गोडं हलकं म्हणून वर, खारं जड म्हणून खाली. दोरीला झटका दिला की माझं बूच उघडतं, आणि असेन तिथलं पाणी मी घेऊन येते.

मास्तर पंप चालवायचे, वरचं गोडं पाणी ओढून गावाला पुरवायचे. माणूस सरळ, पण हट्टी! भरती संपून पाणी अगदी थांबलं, की मगच पाण्यातलं मीठ मोजायला मला सोडणार. "वाहत्या पाण्यात दोरी तिरकी जाते, माप चुकतं," म्हणायचे. खरंच होतं ते. पण पंप तर वाहतं पाणीही ओढायचा ना!

यंदा बंदरवाल्यांनी खाडीच्या तळाशी गाळाचा ढीग टाकला. एकदा मास्तर मला तशीच लोंबकळत ठेवून जेवायला गेले. ओहोटी लागली आणि काय सांगू! वर साधी सुरकुती नाही, आणि खाली माणसाएवढ्या लाटा! खारं पाणी त्या ढिगावरून उसळायचं, गोड्यात घुसून फुटायचं, आणि पंप तेच ओढायचा. मी नुसती वरखाली आपटत होते. मास्तरांनी येऊन मला वर ओढलं, पण झटका दिलेलाच नव्हता. बूच बंद, आत थेंब नाही. सांगणार कशी?

चार दिवसांत शेजारीपाजारी कुरकुरू लागले. मास्तरांची लेक दोन महिन्यांची तान्ही घेऊन माहेरी आली होती. तीही म्हणाली, "बाबा, पाणी मचूळ लागतंय. बाळाच्या पावडरच्या दुधाला चालेल ना?"

मास्तरांना राग आला. मला उचलून तिच्यापुढे धरलं. "अगं, रोज मोजतो मी. तुझ्या जिभेपेक्षा ही खरी. बिनधास्त दे."

तिनं दिलं. पोर तहानेनं रडे, म्हणून आणखी दिलं. शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दुधात मीठ कुणी घातलं?"

तान्ही परत आली नाही. लेक बापाशी बोलत नाही.

पंप आता बंद आहे. तरी मास्तर भर ओहोटीत येतात, मला पहिल्या गाठीपर्यंत सोडतात, झटका देतात, वर काढतात आणि तोंडाला लावतात. खारं. पुन्हा सोडतात.

कुणीतरी माझी दोरी कापा हो. मी हातात आहे तोवर हा माणूस असाच पीत राहणार.