मेलेल्या नवऱ्याची चार वर्षं

टॉमसिनचा नवरा गाइल्स इंग्लंडहून येताना जहाजावर विसाव्याच दिवशी, अर्धी वाट व्हायच्या आधीच, वारला. पण व्हर्जिनियात उतरल्यावर कप्तानाने शपथेवर सांगितलं, की तो अर्ध्या वाटेपलीकडे मेला. अर्धी वाट ओलांडून मेलेल्याचं भाडं मागे राहिलेल्या जोडीदाराने राबून फेडायचं, असा तिथला रिवाज. स्वतःच्या भाड्यापोटी राबायच्या तिच्या चार वर्षांची आठ झाली. हे खोटं कप्तानाकडून वदवून घेतलं होतं तिच्या मालकाने, अँब्रोज कॉर्बेटने. दारू चढली की तो स्वतःच हसत हसत सांगायचा. टॉमसिन त्याचं ताट वाढत राहायची, पण मनात तिने डूख धरला होता.

इतक्या वर्षांत तिच्या बोटांना तंबाखू कळू लागली होती. कोरडं पान पिंपात दाबलं तर चुरा होतो, ओलं दाबलं तर वाटेत कुजतं. टॉमसिनने होय म्हटल्याशिवाय कॉर्बेट पिंप भरत नसे.

तिच्या सुटकेला सहा आठवडे उरले होते. तीन दिवस दाट धुकं होतं आणि जहाज धक्क्याला लागलं होतं. मुकादम पास्कने पान चोळून पाहिलं.

"मालक, ओलं आहे हो. दोन दिवस थांबा."

"जहाज तुझ्या बापाचं आहे का थांबायला? टॉमसिन, तू बघ गं."

तिने पान अंगठ्यावर दुमडलं. ते चिंब होतं.

"बेस आहे, मालक. भरा."

"कुजलं तर आणखी दोन वर्षं राबवीन!"

"राबवा की."

वर्षाचं सगळं पीक ठासून भरलं गेलं. माल लंडनला पोचून उत्तर यायला सात-आठ महिने लागतात आणि तोवर ती सुटलेली असेल, हे घाईत त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पत्र आलं तेव्हा टॉमसिन सुटताना रिवाजाने मिळणारा मका आणि कपडे घेऊन केव्हाच पलीकडच्या खाडीवर राहायला गेली होती. बातमी कळताच ती आपण होऊन आली. कॉर्बेटचा चेहरा उतरला होता.

"सगळं कुजलं गं! तुझी बोटं चुकली कशी?"

"चुकली नाहीत. ओलंच होतं. गाइल्सपायी मी तुम्हाला बुडवलं."

तो मारायला धावला आणि मध्येच थांबला. मागच्या कोठारात यंदाचं पान टांगलेलं होतं, पास्क काम सोडून गेला होता, आणि ते जोखणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने सूर बदलला. "झालं ते झालं. मागशील ती मजुरी देतो. यंदाचं तेवढं बघून दे."

टॉमसिन आत गेली, एक पान चोळलं आणि बाहेर आली.

"सांग ना! भरू का?"

"मी सांगेन हो, मालक," ती म्हणाली, "पण तुमचा विश्वास बसेल का?"