तीन रिकाम्या जागा

ती ओळ मीच पुसली होती, हे आधीच सांगून टाकते.

मलेशियात पिनांगला, बायान लेपासच्या मोठ्या कारखान्यांमागे आमची छोटी कंपनी होती. आम्ही नदीची पातळी मोजणारी यंत्रं बनवायचो. शेजारच्या केडाह राज्यातल्या एका गावासाठी वरच्या पुलाखाली असं एक यंत्र बसवलं होतं, आणि खाली गावात मशिदीजवळ भोंगा. पुलाखालचं यंत्र दर दहा मिनिटांनी रेडिओवरून आकडे पाठवायचं. पाणी चार मीटरला टेकलं की भोंगा आपोआप वाजायचा. भोंग्याचा बोर्ड त्याला कळलेली पातळी आमच्या ऑफिसातल्या पडद्यावरही पाठवायचा.

पुलाखालच्या यंत्रातली जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली, म्हणून आम्ही नवी घेतली. नव्या चिपवर माझा प्रोग्रॅम मध्येच मान टाकायचा. पाठवायच्या माहितीत पहिला बाइट यंत्राचा नंबर, आणि त्याला खेटून पातळीचा चार बाइटांचा आकडा. जुन्या चिपला हे चालायचं. नवीला असा आकडा चाराने भाग जाणाऱ्या जागेवरच हवा असायचा. 'सगळं खेटून भर, मध्ये जागा सोडू नकोस' असं सांगणारी ओळ मी काढून टाकली, आणि प्रोग्रॅम लोण्यासारखा चालायला लागला. टेबलावर दोन नवे बोर्ड एकमेकांशी छान बोलत होते. ऊई सिउ खेंग, आमची सगळ्यांत जुनी इंजिनिअर, तिने नजर टाकून सही केली. सोमवारी यंत्रं बसवणाऱ्या आमच्या तेवनने पुलाखाली नवा बोर्ड बसवला. गावातला भोंगा मात्र जुन्याच बोर्डवर होता. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी सकाळी अकराला तेवनचा गावातून फोन आला. सिउ खेंगने स्पीकर लावला.

"अक्का, पडद्यावर पातळी किती दिसतेय?"

"एक पॉइंट चार."

"काल पण एक पॉइंट चारच होती. इथे घाटाच्या पायऱ्या बुडाल्यात. आणि मघाशी एकदा शून्य दाखवलं. नदी काय गायब झाली?"

सिउ खेंगने पेन खाली टाकलं. उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "झुराइदा, भोंग्यापर्यंत पोचलेले कच्चे बाइट काढ."

मी काढले. सात, मग शून्य, शून्य, शून्य, आणि मग अठ्ठ्याहत्तर आणि चौदा. ती तीन शून्यं बघताच मला मी पुसलेली ओळ आठवली. आकडा चाराच्या जागेवर जावा म्हणून नव्या चिपने मध्ये तीन जागा रिकाम्या सोडल्या होत्या. जुना बोर्ड त्या रिकाम्या जागांनाच पातळी समजून वाचत होता. त्याला एकशे तीस कोटी मिलिमीटर दिसत होते. एवढं पाणी शक्यच नाही, म्हणून तो ते टाकून देऊन सोमवारचा शेवटचा आकडा धरून बसला होता. मघाशी चौथा बाइटही शून्य आला, तेव्हा त्याने एकदा शून्य दाखवलं आणि पुन्हा त्याच जुन्या आकड्यावर आला.

"खरी किती?" सिउ खेंगने विचारलं.

"चौदा गुणिले दोनशे छप्पन्न, अधिक अठ्ठ्याहत्तर." मी कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले. "तीन मीटर सहासष्ट."

"तेवन, भोंग्याची किल्ली आहे ना तुझ्याकडे? हाताने वाजव."

आमचे मालक, खू साहेब, केबिनच्या दारात उभे होते. "थांब. गेल्या वर्षी ऐन लग्नाच्या पंगतीत भोंगा वाजला, अख्खं गाव ताटावरून उठून पळालं. पाण्याचा थेंब नाही आला. परत तसं झालं तर कोण हलणार आहे? आधी खात्री कर."

"खात्री करायला अजून काय बुडायला हवं?" सिउ खेंग म्हणाली.

"बोर्ड दुरुस्त कर. चार झाले की आपोआप वाजेल."

"पुलाखाली जाऊन बोर्ड बदलायला तीन तास लागतात, साहेब. तोवर पूलच जाईल."

पुढचा संदेश आला. शून्यांनंतर एकशे शहाण्णव आणि चौदा. मी मान वर न करता सांगितलं, "तीन अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटांत बारा सेंटिमीटर." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "ती ओळ मी काढली होती."

"सही माझी आहे," सिउ खेंग म्हणाली. "रडायचं असेल तर नंतर. आकडे सांगत राहा." ती फोनवर ओरडली, "तेवन, वाजव!"

भोंगा फोनमधूनही कान फाडत होता. पण बाया दारात येऊन नुसत्या बघत होत्या, असं तेवन सांगायला लागला. तेवढ्यात त्याच्या हातातून फोन सरपंचबाईंनी घेतला. वान सफिया त्यांचं नाव, गाव त्यांना मक लाँग म्हणायचं.

"कोण बोलतंय? पुन्हा तुमचं खेळणं बिघडलं का?"

"हो मक लाँग, बिघडलंय," सिउ खेंग म्हणाली. "म्हणून ते काय सांगतं ते ऐकू नका. मी सांगते ते ऐका. पाऊण तासात पाणी खालच्या आळीत येईल."

"बिघडलंय म्हणून कबूल करणारी तू पहिलीच," मक लाँग म्हणाल्या, आणि त्यांनी मशिदीचा माइक हातात घेतला.

मग मी बाइट वाचायचे, सिउ खेंग आकडा फोनवर सांगायची, आणि तेवन पुढे ओरडायचा. तीन एक्क्याण्णव. चार शून्य तीन. चार वीस. मला बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं. खू साहेब मधेच येऊन म्हणाले, "माझं चुकलं," आणि जिल्हा कचेरीला फोन लावायला गेले. बाराच्या सुमारास खालच्या आळीतल्या अकरा घरांत पाणी शिरलं. माणसं सगळी वर शाळेत होती. गुरं रस्त्यावर होती. एका म्हाताऱ्याची बदकं आणि बांबूचे मासळीचे पिंजरे वाहून गेले.

दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर आम्ही दोघी तेवनबरोबर बोर्ड घेऊन गेलो. या वेळी प्रत्येक बाइट कुठे जाणार ते मी हाताने लिहिलं होतं, चिपच्या मर्जीवर काहीच ठेवलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं होतं. सिउ खेंग बोलायला उठली, पण मी तिला हात धरून खाली बसवलं आणि मीच सांगितलं.

म्हातारा म्हणाला, "माझी बदकं तीन रिकाम्या जागांनी खाल्ली म्हणायची!" काही जण हसले. मला हसता आलं नाही.

"यंत्र बसवा," मक लाँग म्हणाल्या. "पण पावसाळाभर घाटावर आमचं माणूस बसणार. पाळ्या ठरल्यात."

यंत्र त्यानंतर बिनचूक चाललं. तरी केडाहकडे आभाळ भरलं की मी पडद्यावरचा आकडा वाचते, आणि घाटावर ज्याची पाळी असेल त्याला फोन करते. तो पायऱ्या मोजून सांगतो. दोन्ही जुळेपर्यंत मला जेवण जात नाही.