नववीतली आई

आमच्या नगरपालिकेचं हायस्कूल आता तीन मजली आहे, पण ते सुरू झालं बंबखान्याच्या माडीवर. खाली आगीचे दोन बंब, वर वर्ग. आगीची घंटा झाली की बंब निघायचे, जमीन थरथरायची आणि मास्तर अर्धं वाक्य तोंडात धरून थांबायचे. शाळा आठवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर परगावी खोली घेऊन राहायला हवं, आणि तेवढी आमची ऐपत नव्हती. आमचे हे खाली बंबावर ड्रायव्हर, मी लाँड्रीत इस्त्रीला.

आमची लेक आठवी पास झाली त्याच वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वरच्या साहेबांशी भांडून नववी मिळवली. अट एकच. वर्गात वीस मुलं हवीत. वीस जमली. पण तपासणी तोंडावर आली आणि एक मुलगा काकाच्या गॅरेजात कामाला लागला.

बाई लाँड्रीत आल्या. मला वाटलं, कपडे टाकायला आल्या.

"तुम्ही बाहेरून आठवी दिली होती ना?" त्यांनी विचारलं.

"दिली होती. काठावर पास, बाई."

"पास ती पास. तुमचं नाव नववीत घालते. निदान तपासणीपर्यंत येऊन बसा."

मी अक्षरं शिकले ती संसाराला लागल्यावर, लेकीच्या मागोमाग. ती घरी मोठ्याने धडा वाचायची, मी ऐकायचे. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत ओल्या बोटाने चादरीवर तेच अक्षर काढायचं आणि वरून इस्त्री फिरवायची. पाटी परत कोरी. तिच्या मागे रखडत रखडत मी आठवीपर्यंत पोचले होते. पण वर्गात म्हणाल तर कधी पाऊल टाकलं नव्हतं.

घरी सांगितलं तर हे हसले. "वर दोघी, खाली मी. घराला कुलूप लावा आता!"

लेक मात्र हसली नाही. "आई, तू यायचं नाहीस."

"का गं?"

"सगळे हसतील. उद्या मला 'काकूंची मुलगी' म्हणतील."

"हसू देत. हसायला आधी वर्ग तर उरला पाहिजे."

ती भांडी आपटत राहिली. मी पोळ्या लाटत राहिले. दोघींनाही आपलंच खरं वाटत होतं.

वर्गात मी शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात. 'उंट' म्हणून ओळखला जाणारा एक लंबूटांग मुलगा मागे वळून म्हणाला, "काकू, आमच्या शर्टाला इस्त्री कधी?"

"आधी धुऊन तर आण, बाळा," मी म्हटलं. वर्ग हसला. पहिल्या बाकावरची लेक तेवढी पाठ ताठ करून बसून होती.

तपासनीस साहेब आले. त्यांनी माणसं मोजली आणि बोट माझ्यापाशी थांबवलं. "या कोण? बाक पुसायला?"

"विद्यार्थिनी," मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी मला वाचायला लावलं. मी वाचलं. हळू वाचलं, पण अडखळले नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि जवळ आले. "बाई, खरं सांगा. मी गेल्यावर उद्या तुम्ही इथे दिसाल?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी तपासणीपुरती आले होते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण 'नाही' म्हटलं असतं तर पोरीचं शिक्षण तिथेच संपलं असतं. पहिल्या बाकावरून ती पहिल्यांदाच वळून माझ्याकडे बघत होती.

"दिसेन," मी म्हटलं. "वर्षभर."

"आणि परीक्षा?"

"देईन की."

"मग मी वर्षाअखेर हजेरी बघायला येईन. विसाला एक जरी कमी पडलं तर नववी बंद."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीचा मालक म्हणाला, "शाळा कर नाहीतर इस्त्री कर." मी दोन्ही केलं. उजाडायच्या आत दुकानाची किल्ली घ्यायची, शाळेच्या वेळेपर्यंत कपडे उरकायचे. पगार निम्मा झाला. आम्ही भाजी पातळ केली. ताप आला तरी गेले, पाय मुरगळला तेव्हा लंगडत गेले. यांनी मला जिन्यावरून हाताला धरून वर नेलं आणि दारात म्हणाले, "मास्तर, पोरीला नीट सांभाळा हं!"

लेक घरी बोलायची, शाळेत नाही. ओळख नसल्यासारखी पुढे बसायची.

मग एक दिवस इतिहासाच्या तासाला घंटा झाली. ती थांबेचना. लाकडाच्या वखारीला आग लागली होती. खिडकीतून धूर दिसत होता. दोन्ही बंब निघाले, आणि पहिल्यावर हे होते. मास्तर अर्ध्या वाक्यावर थांबले. लेक उठली, मागे आली, मला सरकायची खूण करून माझ्या बाकावर बसली. एकमेकींकडे बघायचं आम्ही टाळलं. बऱ्याच वेळाने खाली बंबांची घरघर आली, आणि यांचा आवाज, "अरे, आधी पाणी द्या कुणीतरी!" मास्तरांनी अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. लेक परत पुढे गेली नाही. त्या दिवसापासून ती माझी भूमिती तपासायची आणि आईला रागवायची हौस फेडून घ्यायची.

वर्षाअखेर साहेब आले, हजेरी बघितली आणि नववी कायमची मंजूर केली. दहावीलाही हरकत नाही म्हणाले. निकाल लागला. लेक पहिल्या पाचांत होती. मी गणितात नापास.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही दिलेला शब्द पाळलात. आता घरी निवांत बसा. वर्गाला धोका नाही."

लाँड्रीचा मालकही खूश झाला. "सुटलीस एकदाची! उद्यापासून पूर्णवेळ ये. पगार पहिल्यासारखा."

"नाही जमायचं," मी म्हटलं. "सकाळचंच येईन."

"अगं, पण पोरीचा वर्ग तर वाचला ना?"

"तिचा वाचला," मी म्हटलं. "माझं गणित राहिलंय."