मंजुळेचा वाटा

थंडी म्हणजे नक्की काय असतं ते अनुपमाला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या नवऱ्यालाही नव्हतं. तरी दोघं गेले पंधरा दिवस थंडीवरच बोलत होती. नंदूला सरकारी हिशेब खात्यात बढती मिळाली होती आणि बढतीच्या शेपटाला बांधून बदली आली होती, ती थेट सिमल्याला. मालाडच्या त्यांच्या चाळीत स्वेटर जानेवारीत चार दिवस ट्रंकेतून बाहेर निघायचा, तोही डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायला.

सराव म्हणून एका रविवारी नंदू तिला पहाटे आरे कॉलनीत घेऊन गेला. झाडांखाली शाली गुंडाळून दोघं तासभर बसली, थंडगार दूध प्यायली आणि आपल्याला काही विशेष होत नाही असं ठरवून परत आली. दुसऱ्या दिवशी नंदू शिंकत ऑफिसला गेला.

मग दोघं भाऊरावांकडे गेली. भाऊराव नंदूच्याच खात्यातले, रिटायर होऊन कांदिवलीला राहत होते. नोकरीतली तीन वर्षं त्यांनी सिमल्यात काढलेली.

"भाडं तिकडे फार नाही हो," भाऊराव म्हणाले. "भाजी जरा महाग. दोन रजया लागतील. पण खरा खर्च उबेचा. दिवाळीपासून होळीपर्यंत पगारातला एक लचका कोळशात गेला म्हणून समजा. आणि बुखारी घ्या. लोखंडी शेगडीच ती, पण तिला पाइप असतो, धूर बाहेर नेणारा."

नंदूनं बुखारीची किंमत विचारली आणि घरी येईपर्यंत बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर आकडे मांडत राहिला.

घरी आल्यावर मात्र त्याचं तोंड सुटलं. "पाइपातून धुराबरोबर निम्मी ऊब बाहेर जाणार. आपल्या पैशानं डोंगर कशाला शेकायचा? आपली शेगडी काय वाईट आहे?"

सासूबाईंनी, म्हणजे प्रेमाबाईंनी, लगेच री ओढली. त्यांचं सगळं आयुष्य मालवणाकडे गेलं होतं, गिरणीतला नवरा वारल्यावर त्या मुलांकडे मुंबईला आल्या होत्या. "माझ्या चारय बाळंतपणांत खाटेखाली शेगडी होती. दारां-खिडक्यो बंद. माका काय झाला? चारय झील धडधाकट."

चार मुलगे धडधाकट होते हे खरंच होतं, त्यामुळे शेगडीचं पारडं जड झालं.

नंदूचा हिशेब सरळ होता. आईला दरमहा पैसे द्यायचे, सिमल्याचं घर चालवायचं, वर कोळसा. शेगडीवर भागलं तर अनुपमा बरोबर येणार. नाही भागलं तर नंदू एकटा जाणार, कुठल्यातरी मेसमध्ये जेवणार, आणि अनुपमानं तीन वर्षं मालाडला राहायचं. लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. तिला हे अजिबात नको होतं. पण तोंडानं म्हणायची सोय नव्हती, कारण म्हटलं असतं तर सासूला वाटलं असतं की हिला माझ्याबरोबर राहायचं नाही. म्हणून ती कोळशाच्या भरवशावर होती. कोळसा कमी लागला की तिचं तिकीट पक्कं.

एक भरलेली शेगडी बंद खोलीत किती वेळ ऊब देते ते एकदा बघून ठेवू, असं नंदूनं सुचवलं. अनुपमानं ते मनावर घेतलं. त्या दिवशी सासूबाई थोरल्या मुलाकडे कांदिवलीला गेल्या होत्या, नाव धाकू असलं तरी थोरला तोच, आणि नंदू ऑफिसला. तिनं खिडकी लावली. खळ करून खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. दाराखाली जुनं लुगडं कोंबलं. नंदूनं काही सांगितलं नसताना स्टुलावर चढून वरचं व्हेंटिलेटरही बुजवलं, कारण तिला हिशेब आपल्या बाजूनं लागायला हवा होता. मग दाराची आतली कडी लावली, शेगडी फुलवली आणि स्वेटर विणायला घेतला.

खोली मस्त तापली. अनुपमा खूश झाली. थोड्या वेळानं तिचं डोकं जड झालं, पण ते उकाड्यानं असेल असं तिला वाटलं. विणताना टाके सुटू लागले. एक हात उशाला घेऊन ती जरा पडली.

आता इथे मंजुळेबद्दल सांगायला हवं. मंजुळा ही मढची कोळीण, टोपली घेऊन आठवड्यातून पाच दिवस चाळीत यायची. चाळीत शिरली की कुणाला काही विकण्याआधी ती थेट वरच्या मजल्यावर अनुपमाच्या दाराशी यायची, कारण दिवसाची भवानी, म्हणजे पहिली विक्री, तिला अनुपमाच्याच हातची लागे. गेल्या वर्षी एकदा अनुपमानं पहिलं गिऱ्हाईक होऊन चार बोंबील घेतले आणि त्या दिवशी टोपली दुपारच्या आत रिकामी झाली, तेव्हापासून हे खूळ सुरू झालं होतं. चाळ तिला हसायची. अनुपमाला तर कधीकधी रागच यायचा, कारण पैसे नसले तरी मंजुळा मूठभर जवळा घ्यायला लावून दहा पैसे तरी घेतल्याशिवाय हलायची नाही.

त्या दिवशी मंजुळा आली तर दार बंद. चाळीत दिवसाउजेडी दार बंद म्हणजे माणसं बाहेर गेलेली, आणि बाहेर गेलेली तर कुलूप हवं. कुलूप नव्हतं.

"झोपली असेल गं," शेजारच्या शांताबाई म्हणाल्या. "ते कसलं सिमल्याचं चाललंय तिचं. ये इकडे, मला पापलेट दे."

"नाय बाय. पैली भवानी अनूची. मंग तुजी."

मंजुळेनं टोपली खाली ठेवली आणि दार ठोकलं. परत ठोकलं. शांताबाई वैतागल्या, खालून कुणीतरी ओरडलं. मंजुळा ठोकत राहिली. मग तिनं दाराच्या फटीला नाक लावलं, आत कोंडलेल्या कोळशाचा वास आला, आणि तिनं मासळीचा कोयता उपसून फटीत घातला. दोन-तीन हिसक्यांत कडी वर उडाली.

अनुपमा शुद्धीवर आली तेव्हा ती गॅलरीत उताणी पडली होती. तोंडावर, केसांत, ब्लाऊजवर टोपलीतलं बर्फाचं पाणी होतं आणि वासावरून त्यात बोंबील होते हे कळत होतं. तिला भडाभडा उलटी झाली. मंजुळा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला शिव्या देत होती, आणि शिव्या देतादेता रडत होती.

डॉक्टर आले, कोळशाचा वायू म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं म्हणाले. कांदिवलीहून प्रेमाबाई धाकूला घेऊन धावत आल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी मान वर करून स्लॅबकडे पाहिलं.

"आमच्या घराक कौलां होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "धूर आपलो आपण वर जाय. माझ्या लक्षातच येवक नाय गो." आणि त्यांनी सुनेचे पाय चेपायला घेतले. अनुपमानं पाय ओढून घेतले तरी त्यांनी सोडले नाहीत.

नंदूचा चेहरा पाहवत नव्हता. संध्याकाळभर तो दाराला टेकून उभा होता. "मी बढती नको म्हणून कळवतो," तो म्हणाला. "खड्ड्यात गेलं सिमला. मी पाइपाचे पैसे वाचवत बसलो."

"कळवू नको," अनुपमा म्हणाली. तिचं डोकं अजून ठणकत होतं, पण तोंडानं म्हणायची सोय नसलेली गोष्ट आता आपोआप बाहेर आली. "मला यायचंय. आई, तुम्हाला टाकून जायचं म्हणून नाही. पण मला ह्यांच्याबरोबर राहायचंय. बुखारी घेऊ, पाइपाची घेऊ. बाकी मी भागवीन."

प्रेमाबाईंनी थोरल्याकडे पाहिलं. धाकू बेस्टमध्ये कंडक्टर होता, बोलायला कंजूष. "आई माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "आणि तू तिच्यासाठी पैसे पाठवायचे नाहीस. तिकडे कोळसा घे." एवढं बोलून तो चहा ठेवायला आत गेला.  नंदू आत जाऊन त्याच्याशेजारी उभा राहिला आणि कप विसळू लागला.

निघायच्या आदल्या दिवशी मंजुळा सुक्या सोड्यांची पुरचुंडी घेऊन आली. अनुपमानं तिला साडी दिली. ती तिनं घेतली, पण वाकून नमस्कार करू दिला नाही.

"माजी भवानी कोन करंल आता?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "आनि तिकरं तुजं दार कोन ठोकंल गो?"

 सगळे खर्च मांडून झाले होते, घरभाडं, रजया, पाइप, कोळसा. हे कुणी मांडलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

सिमल्याच्या घरी बुखारी बसली. बर्फ पडू लागलं तशी अनुपमाला एक गोष्ट कळली, की तिथे दारं बंदच असतात. सगळ्यांची, दिवसभर. बंद दाराचं कुणाला काही वाटत नाही. मग तिनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, पाइप असला तरी ती खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला लागली. त्या फटीतून गार वारा आत यायचा आणि पैसे देऊन घेतलेली ऊब बाहेर जायची. सुरुवातीला नंदूचा हात हिशेबी सवयीनं खिडकीकडे जायचा, तसाच मागे यायचा.

"असू दे," तो म्हणायचा. "मंजुळेचा वाटा."

दुसरी गोष्ट तिनं दूधवाल्याच्या बाबतीत केली. तो डोंगर चढून रोज सकाळी पहिल्यांदा त्यांच्याच आळीत यायचा. अनुपमानं आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला पटवून दिलं, की तिच्या हातची बोहनी, म्हणजे भवानी, फार लाभते, मालाडला विचारून या. आधी तो हसला. पण त्या आठवड्यात त्याचं दूध लवकर संपलं असावं, कारण पुढे हिवाळाभर तो तिच्या दाराशी आल्याशिवाय कुणालाही दूध घालेना. कधी तिला उठायला उशीर झाला, तर बर्फात पाय आपटत तो दार ठोकत राहायचा, शेजारी वैतागायचे, तरी ठोकत राहायचा.

आत रजईखाली अनुपमा जागी असायची. उठायच्या आधी ती ते ठोकणं थोडा वेळ ऐकत पडायची.