दोन जावयांचा डबा

आमगावच्या केशोरावांनी पोराचं लग्न ठरताच बोलेरो घेतली आणि त्यांच्या थोरल्या जावयाचा, धनलालचा, जीव त्या गाडीच्या डिक्कीत अडकला. तिथे बारा इंची दोन वूफर, म्हणजे धमक देणारे मोठे स्पीकर, बसवायचे आणि वरात अशी न्यायची की नवरीकडच्या मांडवाचे बांबू हलले पाहिजेत, असं त्याने जाहीर केलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण विचारण्याची वाट पाहील तो जावई कसला!

खरं दुखणं वेगळंच होतं. सात वर्षं धनलाल या घरचा एकुलता जावई होता. पहिला पाट त्याचा, पहिलं ताट त्याचं. मग धाकट्या मेव्हणीला भैय्यालाल मिळाला. आयटीआय झालेला, घरोघरच्या वायरिंगची कामं घेणारा. सासरी फ्यूज उडाला की सगळे त्याच्याच नावाने ओरडू लागले, आणि एका दिवाळीला तर केशोरावांनी पहिला टिळा चुकून धाकट्याला लावला. धनलाल तेव्हापासून जळत होता. आता वरात पोचल्यावर नवरीकडचे पहिला दुपट्टा कोणत्या जावयाच्या गळ्यात घालतात, यावर त्याची उरलीसुरली इभ्रत टांगलेली होती.

वूफर बसवायचा डबा त्याने स्वतः केला. अठरा एमएमची प्लाय, सांध्यांत सिलिकॉन, वरून काळं कार्पेट. खोटं कशाला बोला, डबा झकास झाला होता. हवा जायला सुईइतकी फट नव्हती. वायरी जोडायची वेळ आली तसा भैय्यालाल खिशात टेस्टर खोचून हजर.

"भाऊ, वायरिंग मी करतो. माझा तं रोजचाच धंदा आहे."

"कायले? डबा माझा आहे. मले का वायर जोडता येत नाही?"

केशोराव मध्ये सापडले. एकाला हो म्हणावं तर दुसरा रुसणार, आणि ऐन लग्नात रुसलेला जावई म्हणजे घरावर आलेली साडेसाती. त्यांनी तोड काढली: वूफर दोन, जावई दोन, एकेकाने एकेक जोडावा. केवढा न्याय! दोघे डब्याच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून बसले. लाल वायर कुठे आणि काळी कुठे, हे साडभावाला, म्हणजे साडूला, विचारणं म्हणजे नाक कापून हातात देणं. कुणीच विचारलं नाही.

वरातीच्या सकाळी गाणं लावलं. गायकाचा आवाज आला, बाजाही आला, पण धमक म्हणून नाही.

"जीजाजी, याच्यापेक्षा माझा मोबाइल जोरात वाजते," नवरदेव गुड्डू म्हणाला.

"यायनं वायर चुकवली," धनलाल म्हणाला.

"यायनं डबाच चुकवला," भैय्यालाल म्हणाला.

धनलालची बायको भूमेश्वरी हळदीचं ताट घेऊन चालली होती. ती थांबली, दोन्ही वूफरच्या हलत्या पडद्यांकडे बघत राहिली.

"येक बाहेर येऊन राहिला तं दुसरा अंदर जाऊन राहिला," ती म्हणाली. "दोघं येकमेकाले मारून राहिले. येकाची लाल-काळी उलटी लागली आहे. कोणी बी येकानं बदलवा, आवाज येईल."

"कोणी?" दोघांनी एकदमच विचारलं.

बदलेल तो चुकला, असा हिशेब होता. मग कशाला कोण बदलतो? वरात तशीच मुकी निघाली.

नवरीच्या गावच्या वेशीवर गाड्या थांबल्या, पुरुष मंडळी फेटे बांधायला उतरली. निघताना पुन्हा गाणं लागलं आणि बोलेरोचा पत्रा थरथरला. पोरं नाचायला लागली. मांडवापर्यंत लोक घराबाहेर येऊन पाहत होते. नवरीच्या बापाने कौतुकाने विचारलं, हे कुणाचं काम? केशोराव फुशारून म्हणाले, "आमच्या मोठ्या जवायाचं!" पहिला दुपट्टा धनलालच्या गळ्यात पडला. त्याला अक्षरशः भरून आलं.

तो भूमेश्वरीला गाठून म्हणाला, "पाहिलं ना? थोडा वेळ लागला, पण माझा वूफर वाजलाच."

"तुमची वायर मी वेशीपाशीच काढून टाकली," ती म्हणाली. "येकटा भैय्यालालचाच वाजून राहिला आहे."

"माझीच काऊन काढली?"

"थे भैय्यालाल दर पाच मिनिटाले आपल्या वायरी पाहून येतात. तुम्ही डब्याकडं येकदा तरी पाहिलं का? तुम्ही तं कोण आपल्याले पाहून राहिला, थेच पाहून राहिले होते."

वायर उलटून जोडली तर दोन्ही वाजतील, हे धनलालला कळत होतं. पण भैय्यालाल गाडीपाशीच आपल्या वायरींवर डोळा ठेवून उभा होता, आणि त्याच्यादेखत ती उलटवायची म्हणजे दुपट्टा काढून त्याच्याच गळ्यात घालण्यासारखं होतं.

"जवाईबापू!" केशोराव मांडवातून ओरडले. "अजून वाढवा!"

धनलाल गाडीत चढला आणि त्याने साडभावाचा आवाज मुकाट्याने वाढवला.