पडद्यावर कुणी बोलत नाही तेव्हा

सोमवारी दहाचा चहा आला की वेताच्या खुर्च्यांच्या त्या कारखान्यात आधी सिनेमे निघायचे, मग कप. रविवारी कुणी काय पाहिलं, कुठे डुलकी लागली, कुठल्या हिरोला घरी पाठवायला हवं, सगळ्याचा निकाल चहा निवायच्या आत लागायचा. आणि निकाल द्यायचे मास्तर.

मास्तर जन्मापासून आंधळे. खुर्चीच्या चौकटीत भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या विणायचं काम त्यांचं, आणि एका भोकाचीही चूक व्हायची नाही. देवानं डोळे घेतले पण कान दिले, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "देवाशी माझा असा काही करार झालेला नाही, मी कागद मागितला होता." पण कान तिखट होते हे खरं. सिनेमातला संवादन्‌संवाद पाठ. कोण खोटं रडतंय, कुठे गाणं उगाच घुसडलंय, ते सांगावं मास्तरांनीच. डोळसांच्या त्या घोळक्यात हा एक मान त्यांचा होता, आणि तो ते जिवापाड जपत.

सिनेमाला त्यांना वहिनी न्यायच्या, थोरल्या भावाची बायको. पडद्यावर कुणी बोलत नसेल तेव्हा काय चाललंय ते कानाशी लागून सांगायच्या. अकरा वर्षं हा नेम.

त्या सोमवारी विषय निघाला बापलेकीच्या सिनेमाचा.

"बरा होता," मास्तर पट्टी ओढत म्हणाले. "शेवट मात्र घाईचा. बापानं जन्मभर छळलं, आणि पोरगी अशी दोन मिनिटांत परत येऊन समोर बसते? इतकी स्वस्त माफी मला नाही पटली."

"कोण परत येते?" पॉलिशवाल्यानं विचारलं. मास्तर त्याला चारचौघांत नेहमी खोडून काढत, ते त्याच्या मनात साचलेलं होतं.

"पोरगी. दार वाजतं, पावलं येतात, खुर्ची सरकते. ती बसते."

"मास्तर, ती जाते. बॅग उचलून. पावलं बापाची. तो खुर्ची खिडकीशी ओढतो आणि एकटा बसून राहतो."

"तू झोपला होतास."

"मी रडत होतो."

"मग डोळे पॉलिशला टाकले असशील," मास्तर म्हणाले, आणि हसू येईल म्हणून थांबले. हसू आलं नाही. सुतार खाकरला.

"जाते ती, मास्तर," सुतार हळू म्हणाला. गठ्ठे बांधणाऱ्या बाईही म्हणाल्या, "जातेच हो."

पॉलिशवाल्याला आता सूर सापडला. "आणि मागच्या महिन्यातलं ते कुत्रं? गाडीखाली आलेलं. तुमच्या सिनेमात जगलं का?"

मास्तरांच्या सिनेमात कुत्रं लंगडत घरी गेलं होतं.

"लहान पोरासारखा घास भरवतात तुम्हाला," पॉलिशवाला म्हणाला, "काटे काढून. आणि अकरा वर्षं तुम्ही आम्हाला शिकवताय."

आता हसू आलं. गठ्ठेवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबलं. दिवसभरात त्यांनी एक बैठक दोनदा विणली आणि दोनदा उसवली.

घरी आले तेव्हा वहिनी इस्त्री करत होत्या. दादा लांब पल्ल्याची गाडी चालवायचे, अजून चार दिवस यायचे नव्हते. मास्तरांनी चप्पलसुद्धा काढली नाही.

"वहिनी, ती पोरगी परत येते का?"

"येते की."

"कारखान्यात तिघांनी पाहिलाय."

इस्त्री उभी ठेवल्याचा आवाज आला. "मग जाते. सिनेमाच तर आहे, भाऊजी."

"कुत्रं?"

"कुत्र्याचं काय घेऊन बसलात?"

"मेलं की नाही?"

"मेलं."

"माझं नाक कापलंत तुम्ही. चारचौघांत."

"थेटरात माझा दंड तुमच्या हातात असतो," वहिनी म्हणाल्या. "वाईट काही येतंय असं वाटलं की तुम्ही तो असा आवळता, दुसऱ्या दिवशी वळ दिसतात. एकदा मी बदलून सांगितलं. तुमची बोटं सैल पडली. मग सवय लागली."

"तुम्हाला सांगितलं कुणी होतं माझी दया करायला?"

"दया?" त्यांचा आवाज चढला. "अकरा वर्षांत एक सिनेमा मी माझ्यासाठी पाहिलेला नाही. माझं तोंड तुमच्या कानाशी. पुढच्या रांगेतले मागे वळून काय काय बोलतात ते मी ऐकते आणि तुम्हाला कळू देत नाही. आणि घरी येताना तुम्ही मलाच शिकवता, सिनेमा कसा पाहावा. दोन कुत्री जगवली तर काय बिघडलं?"

"मी तुमच्या डोळ्यांवर जगतो, हे बिघडलं. तुम्ही वाटेल ते दाखवाल आणि मी—"

बोलता बोलता मास्तर थबकले. जिथे कुणी बोलत नाही त्या जागा वहिनींच्या. आणि अशी एक जागा सिनेमाबाहेरही होऊन गेली होती.

"आई शेवटचे तीन दिवस बोलत नव्हती," ते म्हणाले.

वहिनींनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"मी हात धरून बसलो होतो. तुम्ही सांगत होतात, तुमच्याकडे बघतायत, हसतायत. दोन वर्षं मी तेवढ्यावर काढली."

"भाऊजी, हातपाय धुवा. जेवायला वाढते."

"खरं सांगा."

"तुम्हाला सोसवणार नाही."

"ते मी ठरवीन. आजपासून मी ठरवीन."

वहिनी बोलल्या ते सरळ, कागद वाचावा तसं. "दाराकडे बघत होत्या. तिन्ही दिवस. दादांची वाट. तुमच्याकडे मान वळली नाही."

"तिनं माझा हात दाबला होता."

"सोडवत होत्या. उठून बसायचं होतं त्यांना, दार नीट दिसावं म्हणून. तुम्हाला दाबल्यासारखं वाटलं. मी होय म्हटलं."

मास्तरांनी भिंतीला पाठ टेकली. ज्या हाताला आईचा हात लागला होता तो त्यांनी शर्टाला पुसला, का ते त्यांनाही कळलं नाही.

"आणि दादाला?"

"त्यांना सांगितलंय, आईंना शुद्धच नव्हती. वाट बघत होत्या हे कळलं तर त्यांची गाडी रस्त्यावर राहायची नाही."

"म्हणजे तुम्ही आम्हा दोघांना दोन वेगळ्या आया दिल्यात."

"दिल्या," वहिनी म्हणाल्या. "खरी एकट्या माझ्याकडे राहिली."

त्या आवाजात काय होतं ते एरवी मास्तरांच्या कानानं तेव्हाच टिपलं असतं. आज त्यांनी टिपायचं नाकारलं. "यापुढे मला काही सांगू नका," ते म्हणाले. "काहीच."

"बरं."

जेवताना त्या बोलल्या नाहीत. रोज त्या ताट ठेवताना सांगायच्या, पोळी इकडे, भाजी तिकडे, जपून, गरम आहे. आज ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला, बस. मास्तरांची बोटं सरळ गरम भाजीत गेली. चटका बसला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. वहिनी समोरच बसून आहेत हे त्यांच्या बांगड्यांवरून कळत होतं.

तिसऱ्या घासाला ठसका लागला. तो थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी मास्तरांनी बराच वेळ तोंड उघडलं नाही. शेवटी विचारावंच लागलं.

"पाणी कुठाय?"

"उजवीकडे," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी आधी डावीकडे चाचपलं.

समोर बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. वहिनी उठून आत गेल्या. मास्तर खोकत, जमिनीवरून हात फिरवत राहिले. पेला उजवीकडेच होता.