समुद्रातून परत आलेली थोरली

मी काही केलं नाही, हे मी जीव तोडून सांगत होते, पण एकानेही विश्वास ठेवला नाही. ठेवणार कसा? मी समुद्राच्या तळाशी पडले होते. आणि जे लांब आहे, ज्याला तोंड नाही, त्याच्यावर खापर फोडायला माणसांना फार सोपं जातं.

मी थोरली बोलतेय. एका छोट्या रॉकेटची खालची नळी. माझ्या डोक्यावर धाकटी बसायची आणि तिच्या डोक्यावर बादलीएवढा उपग्रह. तिघांचं मिळून एक रॉकेट. आमच्या पोटात काळं, रबरासारखं घट्ट इंधन असतं. एकदा पेटलं की विझवायची सोय नाही. माझं बोलणंही तसंच आहे. सुरू झाले की संपूनच थांबते.

आमचं घराणं साधं. पहिल्या नळ्या हाताएवढ्या होत्या, पत्र्याच्या शेडमध्ये बनायच्या. वर जायच्या, हवा कशी आहे ते बघायच्या आणि पडायच्या. मग माणसांना हाव सुटली. जरा मोठी करू, अजून जरा मोठी करू. एक नळी जमिनीवरच्या चाचणीत फुटली आणि शेडचं छप्पर घेऊन गेली. एकीच्या पोटात भेग गेली, कारण तिचं इंधन घाईघाईने तापवून घट्ट केलं होतं. तेव्हापासून इंधन उबदार खोलीत सावकाश मुरू द्यायचं ठरलं. त्या साऱ्याजणी मोडल्या म्हणून मी घडले. त्यांना आज कोणी विचारत नाही.

माझ्या पोटाला आतून अस्तर लावलं ते मावशीने. शेडमध्ये तिला सगळेच मावशी म्हणायचे, तिच्याहून म्हातारा पहारेकरीसुद्धा. हे अस्तर सुटलं तर आग कडेने शिरते आणि पोलादाला भोक पाडते. मावशी माझ्यात आडवी शिरून चिकट लेप लावायची आणि तो किती सुकला ते बोटाच्या पेराने बघायची. बोट उचलताना जराशी ओढ लागली पाहिजे. ती ओढ असेपर्यंतच पातळ इंधन आत ओतायचं.

"मावशी, आत झोप लागली की काय?" आमच्या पेटवणीच्या पिना सांभाळणारा पिनवाला बाहेरून विचारायचा.

"तुझ्या बडबडीने मेलेला उठून बसेल, मला कुठली झोप? जा, पाणी आण."

एवढ्या मायेने मला पुन्हा कोणी हात लावला नाही.

आता पिनेचं सांगते. आम्हा दोघींच्या पेटवणीत एकेक पिन असायची. ती आत आहे तोवर आम्ही पेटत नाही. उड्डाणाच्या सकाळी पिन उपसायची आणि तिच्या लाल पट्टीसकट फळ्यावर आमच्या नावाच्या खिळ्याला लटकवायची. खिळा भरला म्हणजे काम झालं, ही तिथली रीत.

आदल्या दिवशी पाहुणे आले. मोठे साहेब फळ्याकडे बघून म्हणाले, "हा अगदीच ओकाबोका दिसतोय. जादाच्या पिना आणून लटकवा, फोटो बरा येईल."

लटकवल्या. पाहुणे गेल्यावर माझ्या खिळ्यावरची काढली. धाकटीच्या खिळ्यावरची तशीच राहिली.

सकाळी पिनवाल्याने माझी पिन उपसली. खट्कन आवाज आला. ती लटकवायला तो फळ्याशी गेला, तर धाकटीचा खिळा भरलेला. त्याला वाटलं, सोबत काम करणाऱ्या जोडीदाराने काढली. जोडीदाराने फळा बघितला, त्याला वाटलं, पिनवाल्याने काढली. वर कोणी चढलंच नाही. दुसरा खट् ऐकायला मी वाट बघत राहिले. तो आलाच नाही. मी ओरडले, पण आमचं ओरडणं माणसांच्या कानापर्यंत जात नाही.

मग मी पेटले. धाकटीला ढगांच्या वर नेलं, जळून रिकामी झाले, आमच्यातली कडी सुटली. "जा बाई," मी म्हटलं. ती पुढे गेली, पण काळोखातच. उजेड झालाच नाही. मी किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पडले. ती उपग्रहासकट कुठल्या कुठे, खोल पाण्यात.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. माझ्यासमोर माणसं काहीही बोलतात. मोठ्या साहेबांनी सांगितलं की मावशीचं अस्तर सुटलं, थोरलीच्या डोक्याकडून आग बाहेर आली आणि धाकटीच्या तारा जळाल्या.

"माझं अस्तर सुटायचं नाही," मावशी म्हणाली. "तिला वर काढा आणि मला दाखवा."

सगळे हसले. मावशीचं काम गेलं. घरी सून म्हणाली, "जाऊ द्या आई, चुकतं माणूस." मावशीला साहेबांपेक्षा ते जास्त लागलं.

खाली मी एकटी. माझ्यात एक खेकडा राहायला आला, तोही अबोल. वर जहाजं जायची, त्यांची घरघर ऐकू यायची आणि विरायची. मला एकाच गोष्टीचा आधार होता. मावशीचं अस्तर अजून मला धरून होतं.

मग एका मच्छीमाराचं जाळं माझ्यात अडकलं. त्याने आधी शिव्या घातल्या, मग ओढलं. शेडमधल्या माणसांनी मला आवारात आणलं, आत दिवा घातला. डोक्यापासून तळापर्यंत अस्तर शाबूत.

मावशीला बोलावलं. तिचे केस पार पिकले होते. तिने आत हात घातला, पेराने चाचपलं आणि बराच वेळ हात बाहेर काढलाच नाही.

"सुटलीस, मावशी," पिनवाला म्हणाला.

"मी बांधलेली कधी होते? मग धाकटी पेटली का नाही?"

मोठे साहेब म्हणाले, "तिच्या इंधनाला ओल लागली असणार."

"बघितलीत?"

"ती आता सापडायची नाही. फार खोल आहे."

पिनवाला बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. फळ्याबद्दल कोणी बोललं नाही.

"म्हणजे तिलाही कोणी विचारलं नाही," मावशी म्हणाली आणि घरी गेली. परत आली नाही.

आता मी आवारात उभी आहे. पोरं माझ्यात डोकं घालून कुकारतात, मोठी माणसं टेकून फोटो काढतात आणि जातात. शेजारी त्या फसलेल्या उड्डाणाची जुनी पाटी आहे. पूर्वी तिच्यावर माझं नाव होतं, ते खरवडून दुसरं रंगवलंय. मी सुटले, पण त्याचा मला आनंद नाही. माझी बहीण अजून पोटात सगळं इंधन घेऊन, पिन तशीच रुतलेली, काळोखात पडून आहे. तिच्याकडे कोणाचं जाळं पोचणार नाही.

तुम्ही इकडे आलात तर माझ्यात खुशाल हात घाला, मावशीचं काम बघा. पण त्या पाटीवर विश्वास ठेवू नका. उड्डाण कुणामुळे फसलं, तिथे एकच नाव लिहिलंय: धाकटी.